सुनेची रात्र दहाला सुरू होते

दोन हजार चोवीस साल, आणि मी बहात्तर वर्षांचा. त्या उन्हाळ्यात आमच्या घराच्या भिंतीला लागून एक तीन मजली इमारत उठत होती, शिकायला आलेल्या पोरांना खोल्या भाड्याने देण्यासाठी. आमचं गाव वर्ध्याला चिकटलेलं. माझ्या डोळ्यांदेखत इथे कपाशी होती. मग वावरं मोजली गेली, दगड रोवले गेले, ले-आउट पडले, आणि सावंगीत डॉक्टरकी शिकणारी पोरं आमच्या गल्लीतून बॅगा ओढत जाऊ लागली. इमारतीचा मला राग नव्हता. ज्याची जागा, तो बांधील.

आणि आवाजाचं तर मला कोणी शिकवूच नये. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटली. देवळीकडे एका जिनिंगात लागलो तो केस पांढरे होईपर्यंत तिथेच. सरकीपासून रुई सोडवणाऱ्या मशीनी एका ओळीत चालायच्या, आणि त्या आवाजात शेजारचा माणूस काय म्हणतो ते त्याच्या ओठांवरून ओळखावं लागे. हंगामात आम्ही तिथेच रुईच्या ढिगाला टेकून झोपायचो. मशीन चालू असली की झोप गाढ. बंद पडली की सगळे एकदम उठून बसायचे, काय झालं म्हणून. माझा उजवा कान त्याच शेडमध्ये राहिला. तेव्हा बांधकामाने मला त्रास झाला असं मी कधी म्हटलं नाही. त्रास झाला तो सुनेला.

सून नर्स आहे, शहरातल्या एका लहान खाजगी दवाखान्यात. मुलगा ट्रकवर असतो. हैदराबादच्या रस्त्यावर जाम गावच्या फाट्याला थांबला की फोन करतो, महिन्यातून थोडे दिवस घरी. एरवी घरात आम्ही दोघंच. त्या वर्षी तिला कायमची रात्रपाळी लागली होती. ज्यांची लेकरं लहान त्यांना दिवसाची पाळी. हिला लेकरू नाही, म्हणून हिला रात्र. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. संध्याकाळी साडेसातला स्कूटीवर निघायची, सकाळी नऊपर्यंत परत. आंघोळ करायची, थोडं खायची आणि दहाला मधल्या खोलीत कुलर लावून आडवी व्हायची, ती चारपर्यंत. तिची रात्र ती एवढी.

त्या मधल्या खोलीची भिंत आणि इमारतीची भिंत यांच्यात हात जाईल एवढीच फट. इकडे तिने डोळे मिटले की तिकडे सळई कापायचं कटर सुरू. ते थांबलं की मिक्सर. मिक्सर थांबला की कोणीतरी छिन्नीने भिंत टोचायचं, ते तर तिच्या उशीतच वाजे. तिने कानात कापूस घातला. जन्मभर मी सरकीपासून कापूस सोडवला आणि माझी सून तो कानात कोंबून निजते, याचं मला हसू आलं आणि रागही आला. कापसाने काही झालं नाही. पंधरा दिवसांत पोरीचे डोळे आत गेले. तव्यासमोर उभ्या-उभ्या झापड यायची, भाकर करपल्याचा वास मलाच आधी यायचा.

एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "मामाजी, काल मी एका पेशंटले दुसऱ्याचीच सलाईन लावून राह्यली होती. नाव वाचलं म्हणून हात थांबला."

"मंग? त्याचं काय झालं?" मी विचारलं.

"त्याचं काही झालं नाई," ती म्हणाली. "पण आज वाचलं, उद्या डोळा लागला तं? तिकडं दवाखान्याच्या मागं दोघीजणी खोली करून राहतेत. तिसरीची जागा हाय. मी सुट्टीच्या दिवशी घरी येत जाईन."

मला भाकर कोण टाकून देईल याची चिंता नव्हती. पिठलं-भाकर मला येते, चहा येतो. पण खोली करणं म्हणजे काय ते मी पाहिलेलं आहे. आधी एक पिशवी जाते, मग गादी, मग कुकर. मग माणूस सणाला येतो आणि पाहुण्यासारखं विचारतो, साखर कुठं ठेवली. मुलगा रस्त्यावर, सून खोलीवर आणि मी कुलूप राखायला; त्याला मी घर म्हणत नाही.

"आठ दिवस थांब," मी म्हणालो.

"आठ दिवसांत काय करान तुमी?"

"ते माह्यावर सोड."

खरं म्हणजे काय करणार ते मलाही माहीत नव्हतं. पण ग्रामपंचायतीच्या भिंतीवर माझा एक बोर्ड होता, त्याचा मला भरवसा होता.

माझा बोर्ड म्हणजे असा. काही वर्षांपूर्वी माझी बायको अंथरुणाला खिळली होती, आणि मागच्या प्लॉटवर बोअरची गाडी रात्रभर जमीन फोडत बसली. मी उठलो आणि गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिलो. हटलो नाही. नंतर पंचायतीत रोज जाऊन बसलो. लोक म्हणाले, म्हातारं खुळं झालं. पण सरकारचा नियम होताच, त्यांनी तो फक्त भिंतीवर लिहायचा होता. शेवटी पिवळ्या रंगावर काळ्या अक्षरांनी लिहिला: रात्री दहा ते सकाळी सहा बांधकाम, बोअर, डीजे, लाउडस्पीकर बंद. गावात त्याला काकाजीचा बोर्ड म्हणतात. मी तिथून जाताना दर वेळी तो हळूहळू वाचतो. पाठ आहे तरी वाचतो.

दुसऱ्या दिवशी पंचायतीत गेलो. ग्रामसेवक तरुण माणूस, फाइलीच्या मागून हसला. "बसा काकाजी. आता कोणाचा डीजे बंद करायचा?"

मी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, हे मी कबूल करतो. मग म्हणाला, "पण दिवसा तं चालते ना काकाजी. सकाळी सहा ते रात्री दहा त्यायले सूट हाय. बोर्ड तुमीच लावला."

"रात्री माणसाले झोपू द्यावं म्हणून लावला. तिची रात्र दिवसा होते."

"ते खरं हाय. पण कायद्याले नाईट ड्युटी मालूम नाई."

"मंग सांग त्याले."

"मी कोणाले सांगू?" तो म्हणाला. "माह्यी बायको पोलिसात हाय. आमच्या घरीबी दिवसा कोणी झोपू देत नाई."

चिडून बाहेर आलो. बोर्डासमोर उभा राहून वाचला. पहिल्यांदाच मला वाटलं की हा बोर्ड रात्री झोपणाऱ्या माणसांनी रात्री झोपणाऱ्यांसाठी लिहिलेला आहे. वाईट नाही, बरोबर आहे, पण सगळ्यांचा नाही. जिनिंगात आम्ही रात्रपाळी करून आलो की दिवसा कुठे झोपायचो? आंब्याखाली, देवळाच्या ओट्यावर, जिथे जागा मिळेल तिथे. कोणी हळू बोला म्हटलं नाही आणि आम्हालाही ते मागावं असं सुचलं नाही.

घरी आलो तर दुपार तापली होती. इमारतीवर जाऊन मिस्त्रीलाच गाठावं असं मनात आलं. मिस्त्री गोंड, मध्य प्रदेशाच्या सीमेकडचा. माणसं त्याच्याच गावची, आपसात त्यांची बोली बोलत. मी गेलो तेव्हा बायका डोक्यावर ओलं फडकं ठेवून विटा वाहत होत्या. विटा इतक्या तापलेल्या की त्या हातात गोणपाटाचे तुकडे धरून उचलत होत्या. एक बाई सावलीला पडली होती आणि दुसरी तिच्या तोंडावर पाणी मारत होती.

"ऊन लागलं का हिले?" मी विचारलं.

"रोज कोणाले ना कोणाले लागते बाबाजी," मिस्त्री म्हणाला.

"मंग पहाटं काऊन नाई लागत कामाले? आमी वावरात उन्हाळ्याची वखरणी चारले धरत होतो, दहाले बैल सोडत होतो. या दिवसांत दुपारी काम कोण करते?"

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "आमच्या गावातबी तसंच हाय. आमी तं चारलेच उठतो. उठून बसून राहतो सहा वाजायची वाट पाहत."

"काऊन?"

"ठेकेदार म्हणते, या गावात एक बुढा हाय, त्याचा बोर्ड हाय. सहाच्या आधी खोरं उचललं तरी पोलीस आणते." मग तो थांबला. "तुमीच हाय ना ते?"

मागच्या बायका हसल्या. पडलेली बाईसुद्धा हसली.

मी हो म्हणालो. लपवण्यासारखं काही नव्हतं. तिथेच विटांवर फडकं टाकून बसलो आणि आमचं बोलणं झालं. त्यांना पहाटे चार ते दहा काम पाहिजे आणि उन्हात सावली. सुनेला दहा ते चार शांतता पाहिजे. दोघांची घड्याळं अशी जुळत होती की जणू ठरवून केली होती. मध्ये फक्त माझा बोर्ड होता आणि पहाटे झोपणारी आमची गल्ली.

"गल्लीवाले हो म्हणतील तं ठेकेदारले मी मनवतो," मिस्त्री म्हणाला. "पण त्यायले इचारन कोण?"

"मी इचारतो."

बोलायला सोपं गेलं. मी गाडीपुढे उभा राहिलो आहे, पंचायतीत ठाण मांडलं आहे, पण कोणाच्या दारात जाऊन एवढं करता का म्हणून मागितलेलं नाही. कधीच नाही. बायको म्हणायची, तुमची मान लोखंडाची आहे. दोन-तीन घरं केली तर सगळ्यांचं एकच: "समोरच्या बाईचं काय म्हणणं हाय? ती हो म्हणत असन तं आमचं हो."

समोरची बाई शाळेतून रिटायर झालेली. एकटी राहते. तिच्या आणि माझ्या दारात गल्लीची रुंदी तेवढं अंतर, आणि आम्ही तीन वर्षं बोललेलो नव्हतो. तिच्या मुलीच्या लग्नात वरात उशिरा आली होती. दहा वाजले तेव्हा नवरदेव दाराशी होता आणि डीजे जोरात. मी जाऊन डीजेवाल्याला घड्याळ दाखवलं आणि मशीन बंद करायला लावलं. नवरदेव तसाच मुकाट घोड्यावरून उतरला. लोक ते अजून सांगतात.

संध्याकाळी तिच्या फाटकाची कडी वाजवली. ती अंगणात पाणी शिंपडत होती.

"या," ती म्हणाली. "दहा वाजायला अजून बराच वेळ आहे."

एरवी ती आमच्यासारखीच बोलते. माझ्याशी मात्र शाळेतलं बोलत होती, म्हणजे राग आहे हे मला समजावं.

मी सरळ मुद्द्यावर आलो. सून, तिची झोप, सलाईन, सगळं. पहाटे चारपासून काम चालू द्या म्हटलं.

तिने बादली खाली ठेवली. "माझ्या पोरीची वरात दारात उभी होती. पाच मिनिटं मागितली होती मी तुम्हाला."

"मागितली होती."

"आणि तुम्ही घड्याळ दाखवलं."

"घड्याळ बरोबर होतं."

"तेव्हा बरोबर होतं. आणि आता?"

"तेव्हाबी बरोबर होतं, आताबी बरोबर हाय," मी म्हणालो. "मी माफी मागाले नाई आलो बाई. बोर्ड मी लावला, मोडला कोणासाठीच नाई. आता मागून राह्यलो. तुमी नाई म्हणू शकता."

तिने पायाने बादली बाजूला सरकवली. मग वर गच्चीकडे बोट दाखवलं. "ती खाट दिसते? मे महिन्यात मी तिथे निजते. खाली पंखा गरम वारा फेकतो. वर गेलं तर मध्यरात्रीपर्यंत स्लॅबच भाजत असते. थंड वारा सुटतो तो तीनच्या पुढे. माझी झोप तीन ते सहा. सगळ्या गल्लीची तेवढीच. ती तुम्ही मागायला आलात."

 मी फक्त सुनेची खाट पाहिली होती. झोप काही कुठून नवी येत नाही. या खाटेवरची उचलून त्या खाटेवर ठेवायची, एवढंच मी करत होतो. आणि ज्या बाईची उचलत होतो तिला तर मी आधीच एकदा रिकाम्या हाताने पाठवलं होतं. निघून जावं असं वाटलं. पण गेलो असतो तर त्याच आठवड्यात पिशवी भरली गेली असती. म्हणून उभा राहिलो.

"पाणी मिळन का?" मी म्हणालो.

तहान होतीच. पण तिच्या घरचं पाणी मी तीन वर्षांत प्यायलो नव्हतो, आणि हे तिलाही माहीत होतं. ती आत गेली, माठातलं गार पाणी घेऊन आली. मी तिथेच पायरीवर बसून प्यालो.

"तुमच्या सुनेला मी ओळखते," ती म्हणाली. "माझं बीपी तीच येऊन पाहते. तुम्हाला सांगत नसेल."

"नाई सांगत."

"तुम्ही विचारत नसाल." मग शाळेत पोराला विचारावं तसं तिने विचारलं, "चार वाजता मशीनच लावावी लागते का? आवाजाशिवायचं काम नाही त्या लोकांकडे?"

मी हिशोब केला. विटा चढवायच्या असतात. रेती चाळायची असते. सळया तारेने बांधायच्या असतात, सेंट्रिंगच्या पाट्या जागेवर न्यायच्या असतात. दुपारभर उन्हात चालायचं त्यातलं निम्मं काम हाताचंच होतं. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं, पण मी मशीनीतला माणूस, मला काम म्हटलं की मशीनच ऐकू येते.

"हाय," मी म्हणालो. "सहापर्यंत हातकाम. बोलणंबी हळू."

"सहा ते दहा मशीन."

"दहा ते चार काहीच नाई. सगळ्यायनं सावलीत झोपायचं."

"आणि सहाच्या आधी वाजलं तर? जबाबदार कोण?"

"मी."

"लिहून घेत नाही," ती म्हणाली. "पण वाजलं तं मी गच्चीवरून तुमालेच हाक मारीन, सगळी गल्ली आयकन अशी."

ती आमच्या बोलीवर आली तेव्हा मला समजलं की झालं.

मिस्त्रीने ठेकेदाराला फोन लावून माझ्या हातात दिला. मी डाव्या कानाला लावला. ठेकेदाराला विश्वासच बसेना. "काकाजी, तुमी सोता म्हणून राह्यले? मंग तुमचा बोर्ड?"

"बोर्ड तिथंच राहीन. सहाच्या आधी आवाज नाई म्हणजे नाई. काम मना नाई."

त्याला काय, त्याचे मजूर उन्हाला कंटाळून पळायच्या बेतात होते. तो हो म्हणाला.

सून ड्युटीवर निघायच्या आधी स्कूटी पुसत होती. तिला सांगितलं. तिने सगळं ऐकलं, आणि तिच्या तोंडावर आनंद वगैरे काही दिसला नाही. थकलेल्या माणसाला लवकर आनंद होत नाही.

"समोरच्या बाईकडं गेलते तुमी?" एवढंच तिने विचारलं.

"गेलतो."

"सोताहून?"

"मंग काय तू नेलं मले?"

ती हसली. "पाहू मामाजी. उद्या झोप लागली तं त्या दोघींले फोन करते, नाई येत म्हणून. नाई लागली तं..." ते तिने पुरं केलं नाही, गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी इमारतीपाशी होतो. अंधारात बायका विटा एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देत होत्या, आदळू नये म्हणून लेकरू द्यावं तशा. कोणी बोललंच तर कुजबुजत. समोरच्या गच्चीवर खाट होती, खाटेवर चादर होती, हाक आली नाही. सहाला मिक्सर सुरू झाला. नऊला सून आली, आत गेली. दहा वाजले तेव्हा मी मिस्त्रीकडे पाहिलं आणि मिस्त्रीने मिक्सरकडे. आत मालाचा एक नवा घाणा नुकताच पडला होता, सिमेंट, रेती, गिट्टी, पाणी सगळं, अजून नीट फिरलेला नव्हता. तसाच ठेवला तर मिक्सरच्या पोटातच घट्ट होणार.

"पाच मिनिटं बाबाजी," मिस्त्री म्हणाला.

मी नाही म्हणालो. मिक्सर बंद करायला लावला. मग त्याला तो तोंडाकडून वाकवायला सांगितला आणि खाली गोणपाट अंथरून माल त्यावर ओतून घेतला, खोरं फरशीवर घासून वाजू नये म्हणून. कोणी मला सांगितलं नव्हतं. पण थांबवलं मी, तर तो वाया गेलेला पाहत उभं राहणंही मला जमण्यासारखं नव्हतं. मी सदरा काढून सळईला अडकवला, एक खोरं घेतलं, आणि तिथल्या दोन बायकांच्या बरोबरीने तो माल हाताने खालवर करायला लागलो, हळू, मधल्या खोलीच्या भिंतीकडे पाठ करून.